मिरचीआधीचे हुमण

लिस्बन

चि. सई हीस अनेक आशीर्वाद.

मिरची पोर्तुगीजांनी आणली असे बाईंनी वर्गात सांगितल्यावर, ‘मग त्याआधी आजीचे बांगड्याचे हुमण (आपले माशांचे कालवण) तिखट कसे होत असे?’ असे तू विचारले आहेस, आणि खाली बारीक अक्षरांत ‘विंदालूत आलू का नसतो?’ हेही लिहिले आहेस. पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर फोंड्याच्या घरी, आजीच्या मसाल्याच्या डब्यातच आहे.

मिरचीचे झुडूप मूळचे अमेरिकेतले. कोलंबस तिकडे पोहोचला १४९२ मध्ये आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. त्यापूर्वी आपल्याकडचे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आले. ज्या मिरीच्या लोभाने पोर्तुगीज समुद्र ओलांडून आले, तिलाच त्यांच्या गलबतांतून आलेल्या मिरचीने आपल्या स्वयंपाकघरात मागे सारले, कारण मिरची कोणाच्याही परसात रुजते आणि उन्हात वाळवली की वर्षभर पुरते. तिचे नावही आपण मिरीवरूनच ठेवले.

आता तो डबा उघड. हुमण खाताना तू ताटाच्या कडेला सारतेस ते तेफळ (मराठीत तिरफळ) मात्र आपल्या सह्याद्रीतले आहे. त्यातले काळे बी टाकून साल तेवढी किंचित ठेचून घालायची असते. ते मिरचीसारखे झोंबत नाही, जिभेला मुंग्या आणते आणि बांगड्याचा उग्र वास मारते. त्याच्या जोडीला आपली सोलां (आमसुले) आणि नारळाचा रस. मिरची वगळून मिरी वाटली तर हुमणाचा तांबडा रंग जाईल, पण तेफळ वगळले तर ते हुमण राहणार नाही, असे माझे मत आहे.

चतुर्थीच्या खतखत्यातले (मिश्र भाजीतले) सुरण जुने, पण मक्याचे कणीस आणि रताळे अमेरिकेतले. एकादशीला चालणारे बटाटा, शेंगदाणे आणि साबुदाण्याचा कंदही तिकडचेच. (हे आजीला एकादशीच्या दिवशी सांगू नकोस.)

विंदालूतला ‘आलू’ हा बटाटा नव्हेच. पोर्तुगीजमध्ये ‘व्हिन्यू’ म्हणजे वाइन आणि ‘आल्यू’ म्हणजे लसूण. या दोहोंत मुरवलेले मांस पोर्तुगालच्या मदैरा बेटावर आजही नाताळात करतात. मी ते इथे एकदा चाखले: लसणीचा वास ओळखीचा, पण रंग फिकट आणि तिखट जवळजवळ नाहीच. गोव्यात द्राक्षे नव्हती, माड होते, म्हणून वाइनच्या जागी माडाच्या सुरेचे (माडीचे) व्हिनेगर आले, त्यात वाटलेली लाल मिरची आणि मसाले पडले, आणि पदार्थ गोव्याचा झाला. पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावाचेही तसेच. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांचा, पण पीठ फुगवायला गोव्यात सूरच वापरली गेली.

उलटा प्रवासही झाला आहे. माझ्या कचेरीखालच्या कॅफेत काचेमागे सामोसे मांडलेले असतात आणि लोक त्यांना ‘शमूसा’ म्हणत कॉफीबरोबर खातात.

मागच्या पार्सलमधली तेफळे बियांसकट आली होती. मी न पाहता आमटीत टाकली आणि जेवताना दाताखाली सगळी कचकच झाली. या वेळी तू आजीजवळ बसून बिया काढ आणि मगच पाठव.

तुझा,
बाबा