वाचकांचे प्रश्न : तालुक्याच्या वाहिनीवर वृत्तनिवेदिका व्हायचे आहे

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहते. यंदा बी. ए. झाले. तालुक्याच्या केबल वाहिनीला वृत्तनिवेदिका हवी आहे. माझे बोलणे वऱ्हाडी वळणाचे असल्यामुळे निभाव लागेल का, अशी धास्ती वाटते. या कामावर पोट भरत नाही, असे वडील म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : वडिलांची शंका अधिक गंभीर आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्यानंतर घरोघरी परिचित झालेल्या वृत्तनिवेदकांपैकी अनंत भावे हे पेशाने प्राध्यापक होते. तालुक्याच्या ठिकाणी आजही बहुतेकांना शिकवणी, दुकान किंवा शेती सांभाळूनच हे काम करावे लागते, तेव्हा जोडधंद्याची तयारी ठेवा. मात्र एका गोष्टीबाबत ठाम राहा. छोटी वाहिनी कृषी सेवा केंद्रांच्या आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या जाहिरातींवर चालते, आणि पुष्कळदा त्या आणण्याचे काम निवेदिकेच्याच गळ्यात पडते. ज्यांच्याकडून शुभेच्छांच्या जाहिरातीचे पैसे सकाळी घेतले, त्यांनाच संध्याकाळी रखडलेल्या नळयोजनेचा जाब विचारणे कोणालाही जड जाते. मानधन थोडे कमी पडले तरी चालेल, पण जाहिरातवसुली तुमच्याकडे नसेल, हे रुजू होण्यापूर्वीच लेखी घ्या.

वऱ्हाडीची धास्ती बाळगू नका. ‘केळी’ची ‘केयी’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’ होते, तेवढे सवयीने सुधारते. रोज वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, ती ऐका आणि अडलेले शब्द पुन्हा म्हणा. शेतकऱ्याची मुलाखत घेताना मात्र वऱ्हाडीतच बोला, कारण त्या बोलीत तो जे सांगेल ते प्रमाण मराठीतल्या प्रश्नाला सांगणार नाही. रीतसर शिक्षण घ्यायचे असेल, तर भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र अमरावतीतच आहे. तेथील अभ्यासक्रमांची चौकशी अवश्य करा.

खरी मेहनत बातमीची खात्री करण्यात आहे. सन 2024-25च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये आणि सोयाबीनचा 4892 रुपये होता. बाजार समितीच्या लिलावात पुकारला जाणारा भाव त्याहून निराळा असतो. आपण कोणता भाव सांगत आहोत, हे निवेदिकेने स्पष्ट केले नाही, तर ऐकणारा शेतकरी भाड्याची गाडी करून माल घेऊन जाईल आणि फसेल. म्हणून आकडा समितीतून स्वतः विचारून घ्या आणि संहितेत तो ‘सात हजार पाचशे एकवीस’ असा अक्षरी लिहा, म्हणजे वाचताना जीभ अडखळणार नाही.

आपल्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्येची बातमी द्यावी लागणार, हे गृहीत धरा. अशा वेळी मृत्यूचा मार्ग सांगू नये, घरच्यांच्या आक्रोशाचे चित्रण दाखवू नये आणि एकच कारण ठामपणे चिकटवू नये. बातमीनंतर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी मदतसेवेचा 14416 हा क्रमांक सावकाश, दोनदा सांगावा. त्याच मनःस्थितीतला कोणी माणूस ती बातमी पाहत असू शकतो, याचे भान वाहिनीच्या मालकाला नसले तरी तुम्हाला असलेच पाहिजे.

प्रश्न : निवेदक कागद न पाहता इतके सलग कसे बोलतात? आणि त्यांच्या कपड्यांना काही नियम असतो का?
— एक वाचक, जि. वाशीम

उत्तर : कॅमेऱ्याच्या भिंगासमोर तिरकी काच बसवलेली असते आणि तिच्यावर मजकूर सरकत जातो, या यंत्राला टेलिप्रॉम्प्टर म्हणतात. ते बंद पडू शकते, म्हणून जाणते निवेदक छापील प्रत मेजावर ठेवतातच. कपड्यांबाबत एकच पथ्य महत्त्वाचे आहे : मागे हिरवा पडदा असेल तर हिरवी साडी किंवा सदरा टाळावा, कारण संगणक त्या रंगाच्या जागी दुसरे चित्र बसवतो आणि निवेदकाचा तेवढा भाग पडद्यावरून नाहीसा होतो.