उचल, हजेरी आणि गोदामाची किल्ली

प्रश्न : आम्ही जुनी घरं रिकामी करून देण्याचं काम करतो. मुलं पुण्याला किंवा सुरतेला स्थायिक झालेली, आईवडील गेले, घर विकायचंय, अशी कामं जास्त. मजूर मुकादमामार्फत येतात, धडगावचे आणि सीमेपलीकडून मध्य प्रदेशातल्या बडवानीकडचे. मुकादम प्रत्येकामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मागतो. यातून वेठबिगारीचा गुन्हा आमच्यावर येऊ शकतो का?
– एक व्यावसायिक, भुसावळ

उत्तर : येऊ शकतो, आणि ‘माणसं मुकादमाची, माझी नाहीत’ या बचावावर विसंबू नका. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. वेठबिगारी करवून घेणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद होते आणि त्याला मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. दिलेली रक्कम वेठबिगारीचं कर्ज नव्हती हे सिद्ध करण्याचा भार पैसे देणाऱ्यावर असतो, मजुरावर नाही.

सालदारकीची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबण्याची रीत पाहिलेल्या खान्देशी माणसाला उचल नवी नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालाचा हिशेब होतो, बाकी निघाली की पुढचं साल तिथेच. नुसती उचल देणं हा गुन्हा नाही. ‘आधी पैसे फेड, मग जा’ असं म्हटलं की माणूस बांधला गेला. म्हणून एकच कसोटी सतत लावा : अंगावर उचलीची बाकी असताना हा माणूस उद्या सकाळी काम सोडून गावी जाऊ शकतो का? जाऊ शकत नसेल, तर कागद कितीही नीट असले तरी उपयोग नाही.

गडबड बहुधा मधल्या हातात होते. तुम्ही १०,००० दिले, मजुराला ७,००० मिळाले, मुकादमाच्या वहीत १२,००० चढले. मग खर्ची, किराणा, प्रवासभाडं त्यातच मिळवत गेलं की बाकी कधी फिटतच नाही. यावर उपाय म्हणजे उचल मजुराच्या स्वतःच्या खात्यावर टाका आणि ती आठवड्याच्या मजुरीपेक्षा जास्त ठेवू नका. कपात ठरावीक आणि लहान असावी. काम सोडल्यास बाकीसाठी अडवणार नाही, हे चिठ्ठीवर लिहून त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवा. मुकादमाचं कमिशन तुम्ही वेगळं द्या, मजुरीतून कापू देऊ नका. मजुरी रोजची रोज, ज्याची त्याच्या हातात. नवराबायको जोडीने आले तरी बाईची हजेरी आणि बाईचे पैसे वेगळे. हजेरीपटात नाव, गाव, आलेली-गेलेली वेळ, दर, कपात आणि सही किंवा अंगठा हवा. तोच हिशेब फोनवर फोटो काढून त्याला द्या.

दर किमान वेतनापेक्षा कमी नको. आशियाड स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये स्पष्ट केलं की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं हेसुद्धा संविधानाच्या कलम २३ खालचं सक्तीचं श्रम आहे. भंगार निवडण्याचं काम किलोवर देत असाल तर काटा मजुराला दिसेल असा ठेवा. मातीची घट म्हणून वजन कापत गेलं की दिवसाची कमाई किमान वेतनाखाली जाते; तेवढी भर तुम्हीच घातली पाहिजे.

या धंद्यात कर्ज आणखी एका वाटेने वाढतं, चोरीच्या आळातून. कपाटातली चांदीची समई सापडत नाही, मालक ओरडतो आणि तिची किंमत मजुराच्या नावावर चढते. त्यामुळे काम सुरू करण्याआधी घरमालकासोबत खोली खोली फिरा. दागिने, रोकड, कागदपत्रं त्याने स्वतः काढून न्यावीत. उरलेल्या तांब्या-पितळेच्या वस्तूंची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. बंद पेट्या मालकासमोरच उघडा. खिळा लागला, तुळई पायावर पडली, तर दवाखान्याचा खर्च धंद्याचा. तोही उचलीत टाकण्याची वाईट सवय सर्रास दिसते.

तांबं चोरीला जाईल म्हणून गोदामाला बाहेरून कुलूप आणि आत माणसं झोपलेली, हे एका रात्रीपुरतंही चालणार नाही. लाकूड, रद्दी, गाद्या भरलेल्या जागेत आग लागली तर सुटका नाही. किमती धातूला वेगळी खोली, वेगळं कुलूप करा. माणसं झोपतात त्या दाराची किल्ली माणसांकडेच हवी. आधार कार्डाची नक्कल काढा आणि मूळ कार्ड लगेच परत द्या.

प्रश्न : आईच्या पश्चात घर रिकामं करायचंय. एक जण ‘फुकटात करून देतो, वर पैसेही देतो’ म्हणतो. तो मजुरांना नीट पैसे देतो की नाही, हे आपल्याला कसं कळणार?
– एक वाचक, धुळे

उत्तर : आधी आकडेमोड करा. समजा ४ माणसांचं २ दिवसांचं काम आहे. म्हणजे ८ हजेऱ्या. ६०० रुपयांनी ४,८०० झाले. टेम्पोच्या दोन खेपांचे ३,००० धरले तर एकूण ७,८००. घरात सागवानी खण, तुळया, पितळी हंडे-घागरी असतील तर एवढे पैसे मालातून सुटतात आणि ‘फुकट’ शक्य आहे. पण प्लायवूड, गाद्या, फुटक्या बरण्या एवढंच असेल, तर तो खर्च कोणाच्या पोटातून काढतोय हे विचारलंच पाहिजे.

कामाच्या दिवशी हजर राहा आणि मजुरांशी सहज बोला : गाव कोणतं, रोज किती, पैसे कोण देतो? प्रत्येक प्रश्नाला मुकादमच उत्तर देत असेल, माणसं त्याच्याकडे पाहून गप्प होत असतील, फोन त्याच्या खिशात असतील, तर काहीतरी चुकतंय. चौदाच्या आतलं मूल दिसलं तर काम थांबवून १०९८ ला फोन करा. चहा-नाश्ता द्याच, पण त्याने मजुरीची भरपाई होत नाही.

प्रश्न : आमच्या पाड्यावरचे दोघे शहरातल्या एका भंगार गोदामात अडकलेत. मुकादम म्हणतो, १८,००० भरा आणि घेऊन जा. गावात वर्गणी काढायची का?
– एक विद्यार्थी, शहादा तालुका

उत्तर : वर्गणी काढू नका. वेठबिगारीचं कर्ज कायद्यानेच रद्द झालेलं आहे आणि रद्द झालेल्या कर्जापोटी पैसे घेणं हाही गुन्हा आहे. गोदाम ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि प्रांतांना लेखी अर्ज द्या. त्यात दोघांची नावं, गोदामाचा पत्ता किंवा जवळची खूण, किती दिवसांपासून आहेत, किती उचल घेतली, मजुरी किती मिळाली आणि जाऊ का देत नाहीत, एवढं लिहा. पोच घ्या. मारहाण होत असेल तर ११२ वर फोन करा. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

परस्पर गोदामावर जाऊन वाद घालू नका. माणसं रातोरात दुसरीकडे हलवली जातात. जबाब मुकादम आणि मालकापासून दूर, स्वतंत्रपणे व्हावा आणि पावरी किंवा भिली बोली समजणारा माणूस सोबत असावा, असं अर्जातच मागा. सुटका झाल्यावर प्रत्येकाच्या नावाचं मुक्ती प्रमाणपत्र मागून घ्या. पुनर्वसन योजनेतली ३०,००० रुपयांपर्यंतची तातडीची मदत मिळवताना ते लागतं. थकलेली मजुरी, आधार कार्ड आणि फोन यांची मागणी त्याच वेळी अधिकाऱ्यांसमोर जबाबात नोंदवून घ्या, कारण गावी परतल्यावर या वस्तू परत मिळवणं फार कठीण जातं.