आधी त्यांच्या जन्मतारखेचा कागद शोध

प्रिय बाळा,

तुझा मेल दोनदा वाचला. आईकडचे खापरपणजोबा इंग्लिश, आयर्लंडमध्ये सरकारी नोकरीत होते, घरात सगळे म्हणतात की डब्लिन कॅसलमध्ये, म्हणजे तिथल्या ब्रिटिश सरकारच्या मुख्य कचेरीत, मोठे साहेब होते, आणि दोन महिने शोधून काहीच हाती लागलं नाही म्हणून आता सोडून द्यायचं म्हणतेस. सोडू नकोस गं. मी सगळी नोकरी आस्थापना शाखेत लोकांची सर्व्हिस बुकं सांभाळण्यात घालवली, त्यावरून सांगतो, सरकारी माणूस कागदावरून पार पुसला जाणं फार कठीण असतं, फक्त कुठल्या टेबलावर विचारायचं ते कळलं पाहिजे.

३० जून १९२२ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस जळालं हे तू वाचलंस आणि तिथेच हात टेकलेस. त्याच्या आदल्या वर्षी, २५ मे १९२१ला, कस्टम हाउस पेटवलं होतं, त्यातही ढीगभर दफ्तर गेलं. नुकसान मोठंच आहे, नाही कोण म्हणतंय. पण १८०१ ते १९२२ आयर्लंड युनायटेड किंगडमचाच भाग होता ना, मग एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या काळापासून कस्टम्स, एक्साइज, पोस्ट या खात्यांचं मुख्य ऑफिस लंडनला, पैशाची मंजुरी लंडनच्या ट्रेझरीची, म्हणजे कागदाची एक बाजू तिकडे राहिलीच. तू शोधतेयस डब्लिनला, आधी लंडनला शोध.

सरकारी माणूस दोन वेळा कागदावर पक्का उमटतो, आत येताना आणि बाहेर पडताना. आमच्याकडे एक शिपाई रिटायर झाला, शाळेच्या दाखल्यावर एक तारीख आणि सर्व्हिस बुकात दुसरी, तो दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून किती वेळा आमचे जिने चढला असेल बिचारा, ते बघितल्यापासून जन्मतारखेच्या पुराव्याला मी फार मानतो. तिकडेही तेच होतं. १८५५ला सरकारी भरती तपासणारं सिव्हिल सर्व्हिस कमिशन आलं, आणि १८५९च्या पेन्शन कायद्यानंतर भरती होणाऱ्याला कमिशनचं सर्टिफिकेट नसेल तर साधारणपणे पेन्शन नाही. त्यासाठी वयाचा पुरावा लागायचा, बहुतेक वेळा चर्चमधला बाप्तिस्म्याचा उतारा. असे पुष्कळ पुरावे लंडनच्या सोसायटी ऑफ जिनिऑलॉजिस्ट्सकडे जपून ठेवलेत, सगळ्यांचे नाहीत, पण तुझ्या खापरपणजोबांचा मिळाला तर ते इंग्लंडच्या नेमक्या कुठल्या पॅरिशचे, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीतले, हे एका कागदात कळेल. आणि सर्टिफिकेट मिळालेल्यांची नावं खात्यासकट लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात छापून यायची, ते गॅझेट ऑनलाइन फुकट आहे.

आता ते कॅसलचं. मला वाटतं ते एक्साइज, कस्टम्स किंवा पोस्टात असावेत, कारण कॅसलमध्ये बसणारे थोडे आणि गावोगाव फिरणारे पुष्कळ. पोस्टात असतील तर नेमणुकांच्या वह्या लंडनच्या पोस्टल म्युझियममध्ये आहेत. एक्साइजमध्ये १८७०च्या आधी लागले असतील तर लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये कस्ट ११६ (CUST 116) ही कागदांची मालिका बघ, त्यात भरतीच्या वेळचे कागद आहेत, वय, जन्मगाव, लग्न झालंय की नाही, वागणुकीबद्दल कोणाचा तरी शेरा. आणि खातं एकच धरून बसू नकोस. थॉमस लार्कम बघ, इंग्लिश माणूस, रॉयल इंजिनीअर्सचा, १८२८ पासून फिनिक्स पार्कच्या माउंटजॉय हाउसमध्ये नकाशांचं काम, मग बांधकामांचं बोर्ड ऑफ वर्क्स, आणि १८५३ ते १८६८ थेट कॅसलमध्ये अंडर सेक्रेटरी. एकाच खात्यात शोधला असता तर अर्धा माणूस हातातून निसटला असता.

थॉमची डिरेक्टरी १८४४ पासून दर वर्षी निघायची, त्यात कचेऱ्या आणि अधिकाऱ्यांची नावं असतात. नुसतं सर्च मारू नकोस, एकेका वर्षाचं पान उघड, नाव कधी येतं, वर कधी सरकतं, कधी गायब होतं ते वहीत लिही. गायब झाले म्हणजे वारले असं नाही, बदली असेल, रिटायर होऊन इंग्लंडला परत गेले असतील, म्हणून १८८१, १८९१ची इंग्लंडची जनगणनाही बघून घे.

आयर्लंडची त्या दोन सालांची जनगणना मात्र शोधत बसू नकोस, पहिल्या महायुद्धात ती लगद्याला गेली. १९०१ आणि १९११ची शाबूत आहे, डब्लिनच्या नॅशनल आर्काइव्हजनं फुकट ठेवलीय, आणि तिचं पान उघडशील तेव्हा घाई करू नकोस. त्यांचं जन्मस्थान बहुतेक नुसतं ‘इंग्लंड’ लिहिलेलं असेल, त्यावर खट्टू होऊ नकोस, खाली मुलांच्या ओळी वाच. मोठा मुलगा इंग्लंडचा, मधली आयर्लंडच्या केरी परगण्यातली, धाकटा गॉलवे परगण्यातला असं दिसलं तर बदल्यांची यादीच मिळाली म्हणून समज, एक्साइजवाल्यांना तर मुद्दाम दर थोड्या वर्षांनी हलवायचे, दारू गाळणाऱ्यांशी दोस्ती व्हायला नको म्हणून. मग त्या मुलांचे जन्मदाखले काढ, १८६४ पासूनची नोंदणी आहे, त्यात बापाचा हुद्दा असतो, प्रत्येक मुलागणिक एक हुद्दा. कॅथलिक नसतील आणि लग्न तिकडे झालं असेल तर ती नोंद १८४५ पासून मिळते, आणि तिच्यात नवऱ्याच्या बापाचं नाव नि कामधंदाही असतो.

आणि जनगणनेच्या त्या फॉर्मच्या तळाशी कुटुंबप्रमुखाची सही असते, त्यांच्याच हातची. ती मिळाली की फोटो आधी मला पाठव. गॅझेट मी आज रात्रीपासून चाळायला घेतो, आडनावाची स्पेलिंगं घरात जितकी ऐकली असशील तितकी सगळी कळव.

तुझा,
काका