साध्या सैनिकाचं आयुष्य लढाईत आणि पेन्शन आल्यावर नेमकं कसं असतं?

तू लिहिलंयस की भरतीची तयारी करतोयस, घरच्यांचा विरोध आहे, आणि सिनेमात दाखवतात ते सोडून साध्या जवानाचं काय होतं ते लढाई पाहिलेल्या कुणीतरी सांगावं. माझ्या मुलाच्या वयाचा दिसतोस म्हणून अरे-तुरे करतो. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे फौजेला रसद पोचवणाऱ्या विभागात, ड्रायव्हर होतो, सतरा वर्षं नोकरी करून नायक रँकवर पेन्शन आलो, आता दिघीत राहतो. कारगिलच्या वेळी पंचविशीत होतो. त्या सगळ्या लढाईत मी एकही गोळी झाडली नाही.

हे ऐकून लोकांचा विरस होतो. पण १९९९ च्या त्या लढाईत आपल्या तोफखान्यानं गोळे आणि रॉकेटं मिळून अडीच लाखांच्या आसपास मारा केला असं सांगतात. बोफोर्स तोफेचा एक गोळा चाळीस किलोंच्या वर. ते उचलून कुणीतरी द्रासला नेलेच ना! बंदूक घेऊन डोंगर चढणारे होते त्यांच्यामागे ड्रायव्हर, स्वयंपाकी, सिग्नलवाले, खेचरवाले, क्लार्क अशी मोठी फौज असते. तू भरती झालास तर यातला कुठलाही ट्रेड वाट्याला येऊ शकतो.

आमचा रस्ता सोनमर्ग, झोजिला, मटायन, द्रास, कारगिल. झोजिला साडेअकरा हजार फुटांवर, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. त्यापुढे द्रासजवळ तोलोलिंगचा डोंगर, आणि त्यावर सुरुवातीला शत्रू बसलेला. तिथून हायवे सरळ दिसायचा, म्हणून दिवसा गाडी हलली की वरून शेल. मग कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, रात्री, हेडलाइट बंद ठेवून. फौजी ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या गोल डब्याला, पांढरा रंग असतो आणि त्यावर उजेड पाडणारा एक छोटा दिवा. पुढच्या गाडीचा तो पांढरा गोळा दिसतोय तोवर आपण रस्त्यावर आहोत, एवढंच कळायचं. गोळा एकदम जवळ आला की ब्रेक, लांब गेला की थोडा अॅक्सिलेटर. तासन् तास हेच. मागे दारूगोळ्याची खोकी, शेजारी को-ड्रायव्हर. त्याचं काम मला बोलतं ठेवायचं. खरं सांगतो, मला शेलिंगपेक्षा डुलकीची भीती जास्त वाटायची. शेल पडला तर आपल्या हातात काही नसतं, डुलकी लागली तर चूक आपली.

पहाटे पोचलो की माल उतरवायचा. परतताना रिकामी खोकी आणि काडतुसांची नळकांडी मोजून भरायची, कारण त्यांचाही हिशोब द्यावा लागतो. मग टायर, ब्रेक, ऑइल बघायचं, आणि कार डायरी भरायची. किती किलोमीटर, किती डिझेल, सही. डोंगरापलीकडे तोफा धडधडतायत आणि उस्ताद विचारतोय, कालची सही कुठाय? तेव्हा चिडायचो. आता वाटतं, त्या डायरीनं आम्हाला ताळ्यावर ठेवलं. झोप गाडीखाली, दिवसा. लंगरमधून पुरी-भाजी, खिशात शक्करपारे.

१३ जूनला तोलोलिंग आपल्या हाती आलं. आम्हाला कळलं ते रस्त्यावरचा मारा कमी झाल्यावर. ही लढाई पहिल्यांदाच घरोघरी टीव्हीवर दिसत होती, त्यामुळे सासवडकडच्या आमच्या गावात माझ्यापेक्षा जास्त बातम्या होत्या. माझं आंतर्देशीय पोचेपर्यंत त्यातली खबर शिळी झालेली असायची. आई मात्र शेजाऱ्यांकडे टीव्ही बघायला कधी गेली नाही.

लढाईनंतरच्या पहिल्या सुट्टीत गावानं शाल-नारळ दिला, पुढच्या सुट्टीत रेशनकार्डावर नाव का नाही म्हणून तलाठ्याकडे हेलपाटे. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, लोकांना त्यांची कामं असतात. छातीवर ऑपरेशन विजयचं मेडल बघून कुणी शौर्यपदक समजलं तर मी दुरुस्त करतो. ते त्या कारवाईतल्या सगळ्यांना मिळालं.

खरी अडचण पेन्शन आल्यावर. साधा जवान छत्तीस-अडतीसला घरी येतो. मुलं शाळेत, कर्ज डोक्यावर, पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी. त्यातला काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले तर तो कापलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. पुण्यात पहिलं काम मिळतं ते सिक्युरिटीचं. खराडी-हिंजवडीच्या गेटवर रात्री उभे असतात त्यांच्यात माजी सैनिक किती आहेत, विचारून बघ. मीही एका एजन्सीकडे उभा राहिलो. पगाराची सही एका रकमेवर, हातात त्याहून कमी. ते सोडून शाळेची बस धरली. फौजेचं लायसन बाहेर चालत नाही, आरटीओतून सिव्हिल करून घ्यावं लागतं. हे मला युनिटमध्ये असतानाच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. केंद्राच्या गट क नोकऱ्यांत माजी सैनिकांना दहा टक्के जागा आहेत, आणि दहावी पास जवानाला पंधरा वर्षांच्या नोकरीवर पदवीच्या तोडीचं प्रमाणपत्र मिळतं. ते न घेता घरी आलेले पुष्कळ भेटतात.

घरात जमायला वेळ लागला. बायकोनं सगळं एकटीनं चालवलेलं, आणि मी येऊन सकाळी सहाला पोरांची फालन, म्हणजे रांगेत उभं करून हजेरी, घ्यायला लागलो! तिनं एका आठवड्यात ते बंद पाडलं. रात्री दिवे घाटात समोरून कुणी अप्पर मारत आला की अजून हात घट्ट होतात, एवढंच.

पण मी हातापायानं धड परत आलो म्हणून माझं उत्तर असं आहे. घरच्यांना घेऊन एकदा खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरला परवानगी काढून जाऊन ये. मणक्याला मार लागून कमरेखाली संवेदना गेलेले जवान तिथे वर्षानुवर्षं राहतात. कुणी व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतो, कुणी तोंडात ब्रश धरून चित्रं काढतो. १९६५ मध्ये नऊ गोळ्या लागलेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ ला हायडलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं.

भरती झालासच तर लग्न आणि मुलांच्या जन्माची नोंद लगेच पार्ट टू ऑर्डरनं, म्हणजे फौजेच्या अधिकृत कागदावर, करून घे, आणि बायकोचं नाव आधारवर आहे तसंच लिहून घे. आमच्याकडे कित्येक विधवांची फॅमिली पेन्शन एका अक्षराच्या फरकानं अडकते. आणि एक, वर सांगितलेलं पेन्शनचं गणित जुन्या भरतीचं आहे. २०२२ पासून जवान अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी घेतात, पुढे जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतात. बाकीच्यांना पावणेबारा लाखांच्या आसपास सेवानिधी मिळतो, पण पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना नाही. घरच्यांशी बोलताना हा हिशोब धरून बोल.