'निगेटिव्ह फीडबॅक' म्हणजे नकारात्मक अभिप्राय का?

नांदेडला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं विचारलंय: कंट्रोल सिस्टीमच्या नोट्स मराठीत काढतेय, 'निगेटिव्ह फीडबॅक'ला 'नकारात्मक अभिप्राय' लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. अभिप्राय हॉटेलवाला मागतो आणि गिऱ्हाईक देतं. यंत्राला कसलं आलंय मत! 'नकारात्मक'नं तर आणखी घोळ होतो, काहीतरी वाईट घडल्यासारखं वाटतं. इथं ते निगेटिव्ह आहे म्हणूनच यंत्र ताळ्यावर राहतं.

डिझेल इंजिनावर चालणारी कडबाकुट्टी आठव. पेंडी आत सरकली की इंजिन दबतं, आवाज जड होतो. फेरे कमी झाले म्हणून गव्हर्नरची, म्हणजे वेग आवरणाऱ्या जोडणीची, फिरती वजनं आत मिटतात, डिझेल वाढतं, इंजिन सावरतं. पेंडी संपली की ते पळायला बघतं. मग वजनं बाहेर फाकतात आणि डिझेल तुटतं. हव्या वेगातून असलेला वेग वजा करायचा, जी बाकी उरेल तिच्यावर डिझेल ठरतं. 'निगेटिव्ह' म्हणजे ही वजाबाकी. जेम्स वॉटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला असाच गोळ्यांचा गव्हर्नर लावला; अशा गव्हर्नरांच्या स्थिरतेचं गणित भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं १८६८ मध्ये मांडलं. म्हणून 'निगेटिव्ह'ला शाळेतल्या ऋण संख्येतला 'ऋण' घे. सप्ताहात माइक भोंग्यासमोर गेला की भोंग्याचा आवाज माइकात परत शिरून वाढतच जातो आणि कान फाडणारी कुई उठते ना, ते धन.

आता फीडबॅक, म्हणजे असलेल्या वेगाची खबर डिझेलपर्यंत मागं पोचणं. बी.एड.वाले 'प्रत्याभरण' म्हणतात. मला त्यात आधी आभरण, म्हणजे दागिनाच दिसतो. पण शब्द रुळलाय, घ्यायला हरकत नाही. 'पुनर्भरण' मात्र नको. तो आपल्याकडं विहिरी-बोअरनी कधीच नेलाय, आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरवताना वजाबाकी कुठली? 'ऋण प्रत्याभरण' लिही, किंवा सरळ 'ऋण फीडबॅक'. परीक्षेत 'ऋण फीडबॅक'च लवकर कळेल.

जाता जाता: 'एरर'ला, म्हणजे त्या वजाबाकीत उरलेल्या बाकीला, 'चूक' लिहू नकोस, 'तफावत' लिही. पेंडी जाड होती यात इंजिनाची काय चूक?

आणि 'हंटिंग'ची शिकार करू नकोस. गव्हर्नरचे सांधे ढिले झाले की लोड तेवढाच असूनही इंजिन चढतं, उतरतं, पुन्हा चढतं, त्याला इंग्रजीत हंटिंग म्हणतात. पुस्तकी मराठीत 'दोलन' मिळेल. आमच्या गावचे मिस्त्री नुसता आवाज ऐकून म्हणायचे, "इंजिन हेलकावे खायलंय." मी तर हेलकावेच लिहीन.