शब्दशिडीत अडकलात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

शब्दशिडी म्हणजे दर पायरीला एकच अक्षर बदलायचं, प्रत्येक वेळी खरा शब्द बनवायचा आणि असं करत पहिल्या शब्दावरून शेवटच्या शब्दावर पोचायचं.

प्रश्न : ताई, मी रोज एक शब्दशिडी सोडवतो, पण 'दुकाळ ते महाल' या शिडीवर दोन दिवस अडकलोय. दुकाळवरून सकाळ सुचला आणि तिथेच सगळं थांबलं. शिडी चुकीची तर नाही ना दिली?

नाही हो दादा, शिडी बरोबर आहे, तुम्ही फक्त एकाच टोकाकडून चढताय. बहुतेक जण हेच करतात, पहिला शब्द धरायचा, त्याच्यातलं एक अक्षर बदलायचं, मग पुढचं, आणि प्रत्येक वेळी शेवटच्या शब्दाच्या जवळ जायचा हट्ट धरायचा. त्याऐवजी एक कागद घ्या, वर दुकाळ लिहा, खाली महाल, आणि खालच्या शब्दाचे शेजारी आधी शोधा, म्हणजे एकच अक्षर बदलून होणारे शब्द. महाग, महान, बहाल हे तर पटकन येतात. महानचे पुढे लहान, तहान, मकान. आता वरच्या टोकाला या, दुकाळचे शेजारी मोजकेच, सकाळ आणि दुकान. सकाळ छान शब्द आहे पण त्याला पुढे फारसे शेजारी नाहीत, म्हणून तो सोडा. दुकानवरून मकान दिसतो आणि मकान तर आपण खालून येताना आधीच लिहून ठेवलाय! झालं की मग, दुकाळ, दुकान, मकान, महान, महाल. चार पायऱ्या.

यात अजून एक गोष्ट बघा. दोन्ही शब्दांत तिन्ही अक्षरं वेगळी आहेत, म्हणजे तीनपेक्षा कमी पायऱ्यांत हे कधीच होणार नाही. मी शिडी हातात घेतली की आधी हाच हिशोब करते, किती जागा वेगळ्या आहेत तेवढ्या पायऱ्या कमीत कमी. आपण चारवर आलो, म्हणजे एकच जादा, कारण शेवटी ळ चा ल करायचा होता आणि वाटेत न घ्यावा लागला. ही जादाची पायरी टाळायच्या नादात लोक तासभर घालवतात, तेव्हा एखादं अक्षर 'लांब' जात असेल तर जाऊ द्या बिनधास्त.

प्रश्न : माझी बहीण म्हणते की 'दुकान'चा 'मकान' करताना व्यंजनही बदललं आणि उकारही गेला, म्हणजे दोन बदल झाले. मी म्हणते एकच. कोण बरोबर?

माझं मत तुमच्या बाजूने. मराठी शिडीत अक्षर म्हणजे मात्रेसकट अख्खं अक्षर, जोडाक्षरसुद्धा एकच धरायचं. बहिणीचा कडक नियम वाईट नाही, पण त्या नियमाने वरची शिडी मोडते, 'दकान' असा शब्दच नाही ना. खेळायच्या आधी दोघींनी नियम ठरवून घ्या म्हणजे भांडण नाही.

प्रश्न : इंग्रजी शिड्या पण सोडवते मी. कोल्ड ते वॉर्म जमली, पण एप ते मॅन काही केल्या जमत नाही, तीनच अक्षरं असून!

कोल्ड, कॉर्ड, कार्ड, वॉर्ड, वॉर्म ही सरळ शिडी आहे, चार अक्षरं बदलायची आणि चारच पायऱ्या. एप ते मॅन मात्र खरंच अवघड, आणि कारण फार सुंदर आहे. एप म्हणजे ए, पी, ई, यात स्वर कडेला आणि व्यंजन मधे. मॅनमध्ये उलटं, स्वर मधे आणि व्यंजनं कडेला. मग स्वराला एका जागेवरून शेजारच्या जागेवर न्यायचं तर मधे असा एक शब्द लागतोच ज्यात दोन स्वर शेजारी-शेजारी आहेत किंवा मग दोन व्यंजनं. तो शब्द हा पूल. एप, ॲप्ट, ऑप्ट, ओट, मॅट, मॅन, यात ओट म्हणजे ओ, ए, टी हा आपला पूल, त्याच्यामुळे स्वर मधल्या जागी पोचला. म्हणून अशा शिडीत शेवटचा शब्द सोडून आधी पूल शोधा. मराठीत ही भानगड नाही कारण आपला स्वर व्यंजनाला चिकटूनच येतो.

गंमत म्हणजे हीच शिडी हा खेळ शोधणाऱ्या लुईस कॅरलने स्वतः दिली होती आणि त्याचं उत्तर सहा पायऱ्यांचं होतं, वरचं पाचचं आहे!

प्रश्न : मी आठवीत आहे. हा खेळ कोणी शोधला? आणि ज्याला शिडीच नाही असा शब्द असतो का?

शाब्बास, दुसरा प्रश्न तर फारच आवडला मला. खेळ शोधला लुईस कॅरलने, तो ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवायचा. 1877 च्या नाताळात दोन मुलींना करायला काही नव्हतं म्हणून त्याने हा काढला, नाव ठेवलं डबलेट्स, आणि 1879 मध्ये तो व्हॅनिटी फेअर साप्ताहिकात छापून यायला लागला.

आणि हो, असे एकटे शब्द असतात. डोनाल्ड नूथ नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने इंग्रजीतले पाच अक्षरी 5757 शब्द घेतले आणि एक अक्षर बदलून जे एकमेकांत होतात त्यांना रेघांनी जोडलं. त्यातल्या 671 शब्दांना एकही शेजारी मिळाला नाही. त्यांना त्याने 'अलूफ' म्हटलं, म्हणजे अलिप्त, आणि अलूफ हा शब्द स्वतःच त्या 671 मध्ये आहे बघ! तेव्हा एखादी शिडी तू स्वतः बनवलीस आणि ती जमत नसेल तर आधी दोन्ही टोकांना शेजारी आहेत का ते तपास.

प्रश्न : अडकल्यावर कॉम्प्युटरकडून उत्तर काढणं ही चीटिंग का?

उत्तर आधी बघितलं तर मजा गेली. पण सोडवून झाल्यावर जरूर बघा. कॉम्प्युटर आधी एका पायरीवरचे सगळे शब्द बघतो, मग दोन पायऱ्यांवरचे, मग तीन, त्यामुळे त्याला मिळालेली पहिली वाट त्याच्या शब्दयादीपुरती सगळ्यात छोटी असते. आपली वाट त्याच्याएवढीच निघाली की जो आनंद होतो ना, त्यासाठी मी आजही रोज सोडवते.

या वेळची शिडी, मगर ते हजार. मधे तीनच शब्द लागतात, आणि शेवटची पायरी फक्त एका कान्याची आहे.