माझी प्रत शाबूत आहे, मग ती चालत का नाही?

प्रश्न : माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. जन्मला तेव्हा अंग अगदी ढिलं होतं, दूध ओढायचा नाही. तपासणीत प्रॅडर-विली नावाचा जनुकीय आजार निघाला. पंधराव्या गुणसूत्रावर वडिलांकडून यायचा एक तुकडा आलेलाच नाही म्हणे. पण माझ्याकडून आलेला तुकडा तर आहे ना? तो का चालत नाही? घरात रोज 'दोष कुणाकडचा' एवढंच चाललंय.
- एक आई, कसबा बावडा

उत्तर : ताई, प्रश्न अगदी नेमका विचारलात. एक प्रत गेली तर सहसा दुसरी निभावून नेते. पण माणसाच्या सुमारे शंभर जनुकांत आई किंवा वडील, एकाचीच प्रत वाचली जाते. पेशीत डीएनए रिळावरच्या दोऱ्यासारखा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. ही गुंडाळी म्हणजे क्रोमॅटिन. सैल असते तिथलं जनुक वाचलं जातं, आवळलेली असते तिथलं नाही. अंडपेशी घडताना या भागावर मिथिल नावाच्या रासायनिक खुणा बसतात आणि गुंडाळी आवळते. शुक्राणूत त्या बसत नाहीत. म्हणून तुमचा तुकडा शाबूत असूनही गप्प आहे.

मला आजही याचं नवल वाटतं : तुमच्या वडिलांकडून आलेली प्रत तुमच्या अंगात उघडीच आहे. तीच अंडपेशीत उतरली की तिच्यावरही आईची खूण बसते. डीएनएचं अक्षर एकही बदलत नाही. आणि हाच भाग आईकडचा गेला तर होतो एंजलमन, अगदी वेगळा आजार.

दोषाचं म्हणाल, तर हा तुकडा बहुतेक वेळा शुक्राणू घडताना निसटतो. अशा वेळी वडिलांच्या रक्तात तो असतोच. तरी त्यांची गुणसूत्रं एकदा तपासून घ्या. ती नीट असतील तर पुढच्या बाळाला हाच आजार होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी.

आमच्या मंगळवार पेठेत असंच एक पोर होतं. या आजारात पुढे लागते तशी सारखी भूक. आई भाकरीच्या फडताळाला कुलूप लावायची आणि गल्ली तिला नावं ठेवायची. स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी 1956 मध्येच हा आजार नोंदवला होता. मी जीवशास्त्र शिकवत होते, तरी त्या बाईच्या बाजूनं एक शब्द बोलले नाही. ते मला अजून सलतं.

वाढीच्या हार्मोनबद्दल मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांना आत्ताच विचारा. भूक काही वर्षांनी वाढेल. तेव्हा फडताळाला कुलूप लावावं लागलं, तर सासूबाईंना हा कागद वाचून दाखवा आणि खुशाल लावा.